नक्कल केली, पण सांगितलं का?



गेल्या भाद्रपदात आमच्या महिला मंडळानं दशलक्षण पर्वाच्या दिवसांत हस्तकलेचं छोटंसं प्रदर्शन भरवलं होतं. मण्यांची तोरणं, भरतकाम, क्रोशाचे रुमाल, आणि एका भिंतीवर माझं तैलचित्र. चौदा बाय वीस इंचांचं. नदीच्या उथळ पाण्यात उभी असलेली गाडी, डावीकडे एक जुनं घर, वर ढगांनी भरलेलं आभाळ. खाली कार्डावर माझं नाव. बायका थांबून बघत होत्या. "काकू, काय सुंदर कल्पना सुचली तुम्हाला!" असं एकीनं म्हटलं आणि मी हसले. नुसती हसले, बोलले काहीच नाही.

कल्पना माझी नव्हतीच. ते चित्र जॉन कॉन्स्टेबल नावाच्या इंग्रज चित्रकाराचं आहे. त्यानं ते १८२१ साली रंगवलं आणि आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी केली ती त्याची नक्कल. आज लिहायचं आहे ते नक्कल करून शिकण्याबद्दल आणि माझ्या त्या हसण्याबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकते. नक्कल करण्यात लाजण्यासारखं काही नाही. ती लपवण्यात मात्र आहे.

सुरुवातीपासून सांगते. मुलाचं लग्न झालं, घरातली कामं वाटली गेली, आणि छप्पन्नाव्या वर्षी मला दुपारचे दोन तास मोकळे मिळाले. लहानपणी शाळेत चित्रकलेची हौस होती. गावातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे जायला लागले. पहिल्याच दिवशी म्हटलं, "सर, मला माझ्या माहेरची नदी काढायची आहे." सर म्हणाले, "काढा की ताई, पण आत्ता नको. आधी एखाद्या मोठ्या माणसाचं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं उतरवा." मला थोडा अपमानच वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं, आता स्वतःचं काही करायला आले तर इथेही दुसऱ्याचंच!

सरांनी पाचसहा चित्रं दाखवली. त्यातलं गाडीचं चित्र मी लगेच उचललं. का ते सांगते. माझ्या माहेरी उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड आकसायचं आणि वरची लोखंडी धाव ढिली व्हायची. मग आप्पा गाडी नदीत नेऊन उभी करायचे. लाकूड फुगलं की धाव घट्ट बसायची. बैल पाणी प्यायचे, आम्ही पोरी काठावर. त्या इंग्रजी चित्रात बैलांच्या जागी घोडे आहेत, पण गाडी तशीच पाण्यात उभी. मला ते परकं वाटलंच नाही.

चित्राचं नाव 'द हे वेन', म्हणजे गवताची गाडी. कॉन्स्टेबलनं आधी दिलेलं नाव निराळं होतं, त्याचा अर्थ 'निसर्गदृश्य: दुपार' असा. जागा आहे इंग्लंडमधल्या सफोक भागातलं फ्लॅटफर्ड, नदी स्टूर. त्याच्या वडिलांची तिथे पाणचक्कीवरची पिठाची गिरणी होती, म्हणजे हे त्याच्या घरचंच अंगण म्हणा ना. हा काळ तिकडच्या चित्रकलेत रोमँटिक काळ म्हणून ओळखला जातो. रोमँटिक म्हटलं की आपल्याला प्रेमाची गाणी आठवतात, पण इथे अर्थ वेगळा आहे. निसर्ग पाहून माणसाच्या मनात जे काही उठतं, त्याला या चित्रकारांनी मोठं मानलं. कोणी वादळं आणि कडे रंगवले. कॉन्स्टेबलनं आपल्या गावची नदी, झाडं आणि आभाळ रंगवलं. लंडनला ते चित्र मांडलं तेव्हा विकलं गेलं नाही. पुढे १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

मूळ चित्र चांगलं मोठं आहे, साधारण १३० बाय १८५ सेंटिमीटर. माझं त्याच्या लांबीच्या पावभराहून थोडं जास्त. गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र बारकाईनं बघता येतं. सुनेनं ते मोठं करून छापून आणलं. त्यावर आणि कॅनव्हासवर सारख्या प्रमाणात चौकोन आखले आणि एकेक चौकोन उतरवत गेले. तुम्हाला आठवत असेल, शाळेत नकाशा असाच काढायचो.

आता खरी गोष्ट. मला वाटत होतं, नक्कल म्हणजे डोकं बाजूला ठेवून करायचं काम. झालं उलटंच. जे चित्र मी पाच मिनिटांत 'बघून' संपवलं होतं, ते उतरवायला मला चार महिने लागले आणि चार महिने रोज काहीतरी नवं दिसत राहिलं. घराजवळ पाण्यापाशी वाकलेली एक बाई आहे, ती मला आठ दिवसांनी दिसली. दूर उजवीकडे शेतात गवत कापणारी माणसं आहेत, ती त्याहून उशिरा. झाडं मी आधी ट्यूबमधल्या तयार हिरव्यानं रंगवली, तर ती प्लास्टिकची दिसायला लागली. सरांनी ती ट्यूबच काढून घेतली. मग पिवळी माती म्हणजे येलो ऑकर, अल्ट्रामरीन निळा आणि किंचित भाजलेली तांबडी माती मिसळून हिरवे तयार केले. एका झाडात सात-आठ हिरवे निघाले. आणि घोड्यांच्या साजावर जे थोडंसं लाल आहे ना, ते लावल्याबरोबर सगळा हिरवा रंग जिवंत झाला. पालकाच्या भाजीवर लाल मिरचीची फोडणी घातल्यावर ताट कसं खुलतं, तसंच.

आभाळानं तर मला रडवलं. ढग पांढरे नसतात, हे तेव्हा कळलं. त्यात करडा आहे, जांभळट आहे, खालून पिवळसर उजेड आहे, आणि तेच सगळं पुन्हा पाण्यात उतरलेलं आहे. कॉन्स्टेबल १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर बसून नुसते ढग रंगवायचा आणि कित्येक चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतो ते लिहून ठेवायचा. हे वाचल्यापासून गच्चीवर पापड वाळत घालायला गेले तरी माझी मान वरच असते.

माझी एक नातेवाईक मुलगी कलाशाखेत शिकते. ती म्हणाली, "मावशी, हल्ली कॉपीला कोणी विचारत नाही. स्वतःचं काढा." तिला मी एवढंच सांगितलं. १८२३ साली हाच कॉन्स्टेबल सर जॉर्ज बोमंट या गृहस्थांच्या कोलॉर्टनच्या वाड्यात पाहुणा म्हणून जाऊन राहिला आणि तिथे बसून त्यानं क्लोद लोरँ या दीडेकशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राची नक्कल केली. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि 'हे वेन' रंगवून त्याला दोन वर्षं झाली होती. एवढं मोठं काम करून झाल्यावरही त्याला दुसऱ्याची नक्कल करताना कमीपणा वाटला नाही. मग मला छप्पन्नाव्या वर्षी का वाटावा?

आता आपल्या घरातल्या काही गोष्टी, कारण तैलरंग शिकायचे म्हटले की श्राविकेला काही प्रश्न पडतातच आणि पडायला हवेत.

तैलरंगातलं तेल बहुधा जवसाचं असतं. ज्या जवसाची आपण चटणी करतो, तेच. टर्पेंटाइन पाइनच्या झाडाच्या राळेपासून होतं. तिथे अडचण नाही. अडचण ब्रशची. दुकानात मिळणारा पांढरा राठ 'हॉग' ब्रश डुकराच्या केसांचा असतो, 'सेबल' हा मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका परदेशी प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर आपल्याकडच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदच आहेत. मी सिंथेटिक ब्रश घेतले आणि माझं काही अडलं नाही. काळ्या रंगाचं बघा. 'आयव्हरी ब्लॅक' लिहिलेली ट्यूब म्हणजे जाळलेल्या हाडांचा कोळसा, तिच्यावर पीबीके ९ असा क्रमांक असतो. मी काळा विकतच घेतला नाही. अल्ट्रामरीनमध्ये गडद तपकिरी बर्न्ट अंबर मिसळला की सुंदर काळपट रंग होतो. अस्सल 'कार्माइन' लाल किड्यांपासून करतात, तोही टाळला. कॅनव्हास घेताना विचारा. पूर्वी त्यावर प्राण्यांच्या कातड्याचा सरस लावत, हल्लीच्या तयार कॅनव्हासवर बहुतेक ॲक्रिलिकचा लेप असतो.

आणि एक. तैलरंग लवकर वाळत नाही, पातळ थरालाही दिवस लागतात. एकदा मी संध्याकाळी दिवा लावून रंगवत बसले. सकाळी बघते तर ओल्या आभाळात बारीक बारीक चिलटं चिकटून मेलेली. माझा जीव कासावीस झाला. त्या दिवसापासून सूर्यास्तानंतर रंगाला हात लावायचा नाही, असा नेम केला. ओलं चित्र जाळीच्या कपाटात ठेवते. रात्री जेवत नाही, तसंच रात्री रंगवतही नाही.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेनं वाळताना तापतं आणि गोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून मोकळी पसरून वाळवा. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा.

हे सगळं मी नीट केलं. ब्रश पारखले, रंग पारखले, चिलटं वाचवली. आणि चुकले ते निराळ्याच ठिकाणी.

चित्रात उजवीकडच्या काठावर, झुडपांत अर्धा लपलेला एक माणूस आहे, त्याच्याजवळ एक नाव आहे. तो मासे धरणारा आहे. शेवटचे चौकोन राहिले होते तेव्हा तो माझ्यासमोर आला. माझा हात थांबला. कृत, कारित आणि अनुमोदना हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी मासा मारत नाही, कोणाला मारायला सांगत नाही, पण प्रेमानं रंग लावून कोळी काढला तर ती अनुमोदना होईल का? दोन दिवस विचार केला. मग त्या जागी झुडूप रंगवून टाकलं. सरांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "ताई, हरकत नाही. पण मग ही पूर्ण नक्कल नव्हे, हे लक्षात ठेवा." मी मान हलवली आणि विसरून गेले.

स्वाध्यायातल्या माझ्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, "अगं, मृगसेन धीवराची कथा तूच मुलांना सांगतेस ना? जाळ्यात आलेला पहिला मासा सोडून देण्याचा नियम घेतलेला कोळी. ती सांगताना कोळी आलाच की! म्हणून काय अनुमोदना झाली?" तिच्या बोलण्यात तथ्य आहे. कथेत पाप दिसलं म्हणून कथा सांगणारा पापी होत नाही. तरी माझं मन त्या माणसाला भिंतीवर लावायला तयार होईना. हा माझा कमकुवतपणा असेल, पण आहे.

आणि मग ते प्रदर्शन. पहिल्या दिवशी कौतुक झालं आणि मी हसले. दुसऱ्या दिवशीही. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. प्रवचनात तेच, जे दरवर्षी ऐकतो: मनात एक, बोलण्यात दुसरं, करण्यात तिसरं, ही वक्रता, तिन्ही सरळ रेषेत असणं म्हणजे आर्जव. मी नेहमीसारखी ऐकत होते. घरी आल्यावर सून मोबाइलवर मूळ चित्र बघत होती. तिनं सहज विचारलं, "आई, इथे झुडपात एक माणूस आहे, तो तुमच्या चित्रात कुठे गेला? आणि कार्डावर कॉन्स्टेबलचं नाव का नाही टाकलं?"

मला उत्तर देता येईना. कोळी वगळला तो अहिंसेसाठी, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण चित्रकाराचं नाव वगळलं ते कशासाठी? तिथे अहिंसा नव्हती. तिथे मान हवा होता.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत. शेवटचा आठवतो ना? प्रतिरूपक व्यवहार. खऱ्याच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं खपवणं. आपण तो तुपातल्या भेसळीपुरता, सोन्याच्या दुकानापुरता समजतो. त्या रात्री तो मला माझ्याच चित्राखाली लिहिलेला दिसला. कायद्यानं कोणाचं काही चोरलं नव्हतं. कॉन्स्टेबल १८३७ सालीच वारला, त्याच्या चित्राची नक्कल कोणीही करावी. पण दुसऱ्याला सुचलेल्या गोष्टीचं श्रेय गप्प राहून घेणं, हे घेणंच झालं की.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन कार्ड बदललं. 'जॉन कॉन्स्टेबल यांच्या १८२१ सालच्या चित्रावरून. शिकण्यासाठी केलेली नक्कल. उजवीकडची एक आकृती मी वगळली आहे.' खाली माझं नाव. लोक काय म्हणाले तेही सांगते. जिनं कल्पनेचं कौतुक केलं होतं ती म्हणाली, "मग काय झालं, हात तर तुमचाच आहे." दुसरी एक "नक्कल आहे होय!" म्हणून पुढे गेली. ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण दोघी जणी थांबल्या आणि विचारायला लागल्या की हे असं शिकता येतं का, सर आम्हालाही शिकवतील का. आधीच्या तीन दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. 'कल्पना सुचली' म्हटलं की बघणारीला वाटतं, आपल्याला नाही बाई सुचणार. 'नक्कल करून शिकले' म्हटलं की तिला वाटतं, मग मीही शिकेन.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवानगी घेऊन चित्रांची नक्कल करता येते. तिथे नियम आहे की नक्कल मूळ मापाची असू नये आणि मूळ चित्रकाराची सही उतरवू नये. म्हणजे नक्कल जरूर करा, पण ती नक्कल म्हणूनच ओळखू येऊ द्या.

आपल्याला तर हे परक्यांकडून शिकण्याचीही गरज नाही. आपली शास्त्रं टिकली ती नक्कल करणाऱ्यांमुळे. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेल्या धवलेच्या हातानं नकला झाल्या, म्हणून १९३९ पासून अमरावतीहून ती छापून निघू शकली. त्या नकलेच्या कामात पंडितांच्या पत्नीनंही हात दिला होता, असं आपल्याकडे सांगतात. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी पाहा. उतरवणारा किती तरी वेळा आपलं नाव, तिथी, गाव लिहितो आणि चुकलं असेल तर क्षमा मागतो. ग्रंथ माझा आहे, असं तो कुठेही म्हणत नाही. तरी त्याच्या कष्टाला आपण शास्त्रदान म्हणतो, हलकं काम म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. घरात मुलगी, सून किंवा तुम्ही स्वतः काही शिकत असाल, तर 'स्वतःचं काढ' म्हणून घाई करू नका. चांगलं चित्र, चांगलं भरतकाम, चांगली रांगोळी समोर ठेवून जसंच्या तसं उतरवू द्या. डोळा त्यानंच तयार होतो. आणि उतरवून झालं की मागे तीन गोष्टी लिहायची सवय लावा: कोणाचं आहे, मी कधी केलं, आणि मी काय बदललं. मोबाइलवर फोटो टाकतानासुद्धा हेच.

कॉन्स्टेबलनंही बदल केलेच होते. या चित्राआधी त्यानं तेवढ्याच मोठ्या मापाचं एक कच्चं चित्र केलं होतं, ते लंडनच्याच दुसऱ्या एका संग्रहालयात आहे. त्यात पुढच्या काठावर एक घोडेस्वार आहे. पक्क्या चित्रात तो नाही. पण ते चित्र त्याचं होतं, त्याला अधिकार होता. माझा अधिकार एवढाच की बदल केला तर सांगून करावा.

आता ते चित्र आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. कॅनव्हासच्या मागे सगळं लिहिलेलं आहे, मासे धरणाऱ्या त्या माणसाबद्दलही. पाहुण्यांनी विचारलं तर भिंतीवरून उतरवून मागची बाजू दाखवते. सरांनी आता माझ्या माहेरची नदी काढायला परवानगी दिली आहे. आप्पांची गाडी मी पाण्यात उभी करणार आहे. आमच्या नदीवरही सकाळी जाळं टाकणारे असायचे. त्यांना काढायचं की नाही, ते अजून ठरत नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतं? नक्की कळवा.

जय जिनेंद्र.